तिसऱ्या बोटावरचा सौदा

आयुष्यभर मी घेतलं आणि विकलं. पत्र्याचे रिकामे डबे, गंजलेली पिंपं, मोडीत निघालेली यंत्रं, एकदा तर बंद पडलेल्या गिरणीची अख्खी शेड, खिळ्यामोळ्यांसकट. भोसरीपासून चाकणपर्यंत माझा व्यवहार झाला नाही असा कारखाना शोधावा लागेल. माझ्या तोंडाला लोक घाबरतात, हे मला माहीत आहे. व्यवहारात मी भाऊ बघत नाही आणि जावई बघत नाही, हेही खरं. पण एक सौदा मी हरलो, कारण त्यात मी घेणारा नव्हतो आणि विकणाराही नव्हतो. मी माल होतो. आणि सौदा कशाचा, तर एका इंग्रजी शब्दाचा. त्या शब्दाचे चार तुकडे करायचे आणि चारांतल्या नेमक्या कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा, एवढाच वाद. माझी सून हे ऐकून हसते. तिला वाटतं, म्हातारा वाढवून सांगतो. हसू दे. वाढवून सांगण्याची सवय मला फक्त भावाच्या बाबतीत आहे.

आमचं घर चाकणला, बाजारतळापासून हाकेच्या अंतरावर. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा बैलांचे दलाल होते. आमच्या गोठ्यात कायम जनावरं असत आणि त्यांतलं एकही आमचं नसे. शुक्रवारपासूनच घरात घुंगरांचा आवाज भरून राहायचा, आणि पलीकडच्या अंगणात नालबंद बैलांच्या खुरांना पत्री ठोकायचा, तीन घाव हलके आणि एक जड, तीन हलके आणि एक जड. त्या ठेक्यावर मी पाढे पाठ केले. शनिवारी बाजार उठला की आई हुलग्याच्या शेंगोळ्या करायची. पिठाच्या वळ्या करून लसणाच्या रश्शात शिजवलेल्या, वर कच्चं तेल, सोबत बाजरीची भाकरी. आबा हात धुऊन बसायचे, पण पहिला घास घ्यायच्या आधी बोटं मोडायचे, एकेक, सावकाश. दिवसभर त्या बोटांनीच काम केलेलं असायचं.

कारण बैलाच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. आबा घेणाऱ्याचा हात आपल्या उपरण्याखाली धरायचे, तो त्यांची बोटं दाबून आकडा सांगायचा, मग तेच उपरणं विकणाऱ्याच्या हातावर. वर गप्पा चाललेल्या कुणाच्या पोरीच्या लग्नाच्या, आणि खाली भाव चाललेला. दोन-चार फेऱ्या झाल्या की आबा दोघांच्या मधला आकडा काढायचे, हातावर हात मारायचे आणि बैलाचं दावं घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. हातावर हात पडला की देव आला तरी सौदा फिरत नसे. आबांना अक्षर येत नव्हतं, सही अंगठ्याची. पण त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते मला शंभर वेळा ऐकवलेलं. "दोगं बी थोडं थोडं नाराज हून घरी गेलं पायजेत, बबन. एक जरी हसत गेला, तर समज दलालानं खाल्लं."

मी मॅट्रिक झालो त्या साली पिंपरीकडं नवे नवे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एका रंगाच्या कारखान्यातून मला पत्र आलं. जागा होती लॅबोरेटरी असिस्टंटची. पांढरा कोट घालायचा, काचेच्या नळ्यांत रंग तपासायचा, उन्हात जायचं नाही. आईनं पत्र देवापुढं ठेवलं. तेवढ्यात शेजारची सखूमावशी आली आणि तिनं विचारलं, "कंची नोकरी म्हनं?"

"लॅबोरेटरी," मी म्हणालो.

"लेबरटोरी? म्हंजी लेबरच की. आमच्या नामदेवाचंच काम."

नामदेव हा तिचा मुलगा. तो आदल्या साली याच कारखान्यात, याच जागेसाठी गेला होता. फाटकावर रखवालदारानं विचारलं, कशासाठी आलास. नामदेव "लेबर..." एवढं म्हणाला आणि पुढचं म्हणायला त्यानं श्वास घेतला. तेवढ्यात रखवालदारानं त्याला लेबरच्या रांगेत ढकललं. दुपारपर्यंत त्याच्या डोक्यावर खडूच्या भुकटीचं पोतं होतं. तो पुढं हमालांचा मुकादम झाला आणि अजूनही गावात सांगतो की श्वास जरा नंतर घेतला असता तर मी साहेब असतो. त्या दिवशी सखूमावशीचं बोलणं ऐकून आबा ओसरीवरून उठले. "मॅट्रिक केलं ते पोती उचलाया न्हाई," म्हणाले, आणि मला घेऊन थेट आपटे मास्तरांकडं गेले.

आपटे मास्तर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत. आडनावाला शोभेल असा त्यांचा एकच ध्यास होता: इंग्रजी शब्द कुठं आपटायचा. "आपण मराठी माणसं पंगतीत वाढतो तशी अक्षरं वाढतो," ते म्हणायचे, "प्रत्येकाला सारखं. इंग्रज तसं करत नाही. तो एकाला पोटभर देतो आणि बाकीच्यांना उपाशी ठेवतो." मग त्यांनी माझा शब्द चिरला. मी पाच बोटं उघडली होती, लॅ, बो, रे, ट, री. मास्तरांनी माझा अंगठा धरून आत मिटला. "पाच नाहीत, चार. शेवटचे दोन एका घासात. ल, बॉ, र, ट्री. आणि जोर दुसऱ्यावर. ल-बॉ-रट्री. बाकीचे तिघे नुसते हजेरीला."

आबा उंबऱ्यापाशी उकिडवे बसून ऐकत होते. त्यांनी स्वतःचा हात वर केला, अंगठा मिटला, चार बोटं बघितली. "म्हंजी चारदाती," ते म्हणाले. बैलाचं वय दातांवरून सांगतात, त्यातला हा शब्द. "चारदाती, आन दुसऱ्या पायावर जोर. व्हय ना मास्तर?"

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले. वर्षानुवर्षं मुलांना जे कळलं नव्हतं ते आबांना एका फेरीत कळलं होतं. पण आबा अजून मिटलेल्या अंगठ्याकडंच बघत होते. "अंगठा लागत न्हाई यात?" त्यांनी विचारलं.

"नाही लागत."

"बेस," आबा म्हणाले, आणि परत येताना वाटेत आणखी दोनदा म्हणाले, "बेस." मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

मग आमचा सराव सुरू झाला. रोज दिवेलागणीला ओसरीवर आबा माझ्या हातावर उपरणं टाकायचे आणि खालून बोटं दाबायचे, पहिलं हलकं, दुसरं असं की डोळ्यांत पाणी यावं, तिसरं-चौथं नुसता स्पर्श. मी शब्द म्हणायचा. चुकलो की दुसरं बोट पुन्हा. माझ्या त्या बोटाचं पेर आजही जरा जाड आहे, बघायचं असेल त्यानं यावं. एका शनिवारी आबांना वेळ नव्हता म्हणून बाजारातच सराव केला, एका खिल्लारी बैलाशेजारी उभं राहून. मी तोंडातल्या तोंडात "ल-बॉ-रट्री" म्हणत होतो, आबा मान हलवत होते, "न्हाई, आजून चढव, आजून चढव." मंचरचा एक व्यापारी बराच वेळ आमच्याकडं बघत होता. त्याला वाटलं, या बैलावर मोठं गिऱ्हाईक लागलंय. त्यानं धावत येऊन आमच्या दुप्पट, म्हणजे शून्याच्या दुप्पट नव्हे, बैलवाल्याच्या अपेक्षेच्या दीडपट भाव देऊन तो बैल नेला. बैलवाल्यानं आबांचे पाय धरले. तेव्हापासून आबांची खात्री पटली की हा शब्द पायगुणाचा आहे.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मी, आबा, आणि आपटे मास्तर, कारण ऐनवेळी मी 'बॉ'वर जोर देण्याऐवजी तो घशातच गिळेन अशी त्यांना भीती होती. कासारवाडीला एस.टी.तून उतरून चालत गेलो. आईनं भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. कारखान्याच्या फाटकावर दोन रांगा होत्या. लांब रांग लेबरची, आखूड रांग आमची असणार. मी नामदेवाला आठवून छातीभर श्वास आधीच घेतला आणि रखवालदाराला एका दमात म्हणालो, "ल-बॉ-रट्री."

रखवालदार मराठवाड्याकडचा होता. त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "लॅट्रीन व्हय? मागच्या अंगाला हाय. भिंतीच्या कडंनं जा, घाई असंल तर पळ."

मी पुन्हा म्हणालो. त्यानं पुन्हा भिंत दाखवली, या वेळी हाताला धरून. माझा पारा चढला आणि मी त्याला चार शब्द सुनावले, ते मात्र त्याला लगेच समजले. शेवटी आबा पुढं झाले. "भाऊ, लेबरटोरी कुटं?"

"मग तसं बोला की मराठीत," रखवालदार म्हणाला, आणि त्यानं फाटक उघडलं.

मुलाखत घेणारे सबनीस साहेब तरुण होते, दोन वर्षं अमेरिकेत रंगांचं शिकून आलेले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टेबलावर शाईची दौत आणि रंगाचे नमुने. माझ्या आधी कासारवाडीचा एकनाथ नावाचा मुलगा आत जाऊन आला होता. त्याला साहेबांनी वय विचारलं, सायकल येते का विचारलं, आणि ठेवून घेतलं. अजून एक जागा आहे, असं शिपाई म्हणाला. मी आत गेलो. आबा आणि मास्तर दाराबाहेर, पण दार उघडंच होतं.

"कुठल्या जागेसाठी?" साहेबांनी विचारलं. एकनाथाला हे विचारलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

"ल-बॉ-रट्री असिस्टंट, सर."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "लॅब. लॅ-ब. पहिल्यावर जोर, बाळ. लॅब-रटोरी. अमेरिकेत तुझं कुणाला कळणार नाही."

इथं शहाणा मुलगा "येस सर" म्हणाला असता. मी शहाणा होतो, पण माझं दुसरं बोट महिनाभर ठणकत होतं. मी म्हणालो, "सर, इंग्रजी इंग्लंडचं आहे. अमेरिकेनं ते उसनं नेलंय."

बाहेरून आवाज आला, "शाब्बास." आणि आपटे मास्तर आत आले. त्यांनी नमस्कार केला, आणि जोर दुसऱ्यावरच का, हे सांगायला सुरुवात केली. साहेबांनी त्यांना पहिल्यावर का, हे सांगितलं. मास्तर टेबलावर मूठ आपटून "बॉ" म्हणायचे, साहेब तळहात आपटून "लॅब" म्हणायचे. दौत उडायला लागली. शिपायानं ती उचलून कपाटावर ठेवली आणि तोही ऐकत उभा राहिला. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी बाजारातल्या बैलासारखा मध्ये उभा.

आबा दारातून हे बघत होते. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण दोन माणसं एका बोटावर अडलीत, हे त्यांना चांगलं कळत होतं. ते आत आले. खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, आणि साहेबांचा हात धरून त्यावर टाकलं. अमेरिकेत बहुतेक असं करत नसावेत. साहेब थिजल्यासारखे बसून राहिले.

"तुमचं ह्ये," आबा म्हणाले आणि खालून त्यांचं पहिलं बोट दाबलं. "व्हय?"

"हो," साहेब म्हणाले.

मग मास्तरांच्या हातावर उपरणं. "तुमचं ह्ये. दुसरं."

"दुसरंच. तडजोड नाही."

"आसं समदेच म्हनत्यात," आबा म्हणाले. वर ते साहेबांना गाव विचारत होते, पोरंबाळं किती विचारत होते, आणि खाली फेऱ्या चालल्या होत्या. साहेबांकडून मास्तरांकडं, मास्तरांकडून साहेबांकडं. तिसऱ्या फेरीला साहेब स्वतःच हात पुढं करायला लागले. शेवटी आबांनी दोघांचेही हात एकाच उपरण्याखाली घेतले. "साहेब पयल्यावर, मास्तर दुसऱ्यावर. कुनी मागं यायचं न्हाई, तर दोगं म्होरं चला. तिसरं. लॅ-बो-रे-टरी. न तुमचं, न ह्यांचं. दोगं बी नाराज. पटलं?"

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साहेब मात्र हसत सुटले आणि म्हणाले, "पटलं." हातावर हात पडला.

माझी तक्रार इथून सुरू होते. आबांनी इथं थांबायला हवं होतं. पण हात उपरण्याखाली आहे तोवर दलालाला थांबता येत नाही. साहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पण उलट बोलतो. लॅबोरेटरीत काचसामान असतं. तिथं असा तापट मुलगा नको."

बाजारात कुणी माल नको म्हणालं की ती फक्त सुरुवात असते. आबांनी लगेच दुसरं टोक पकडलं. "मग लेबरात घालता?"

"छे, मॅट्रिक झालेला मुलगा लेबरात कसा घालू?"

"मग मदलं काढा की," आबा म्हणाले आणि खालून बोट दाबलं.

मधलं निघालं. लेबरच्या शेडमधून रंगाच्या नमुन्याचा डबा उचलायचा आणि लॅबोरेटरीच्या खिडकीत नेऊन ठेवायचा, दिवसातून वीस वेळा. ना शेडमध्ये बसायचं, ना खिडकीच्या आत जायचं. अशी जागा कारखान्यात तोवर नव्हती. ती त्या उपरण्याखाली जन्मली. आबांनी पुन्हा हातावर हात मारला आणि दावं द्यावं तसं माझं मनगट साहेबांच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर मास्तर भोसरीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मी मात्र बोललो. एस.टी.तले लोक मागं वळून बघत होते. एकनाथाला तो शब्द म्हणता तरी येतो का, मला म्हणता येतो म्हणून मी बाहेर, हा कुठला न्याय, तुम्हाला मधे पडायला कुणी सांगितलं होतं. आबा भाकरी खात होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "सौद्यात हुबं ऱ्हायलेलं जनावर बोलत न्हाई, बबन." आणि उरलेली अर्धी भाकरी माझ्यापुढं केली. मी घेतली नाही. भूक लागली होती, पण घेतली नाही.

चार वर्षं मी डबे वाहिले. खिडकीच्या आतून एकनाथ पांढऱ्या कोटात हात पुढं करायचा. तो त्या जागेला "आत" म्हणायचा, शब्दाचा प्रश्नच मिटला. मी मात्र माणूस बघून शब्द फिरवायला शिकलो. समोर सबनीस साहेब असले की जोर पहिल्यावर, सुट्टीत आपटे मास्तर भेटले की दुसऱ्यावर, आणि रखवालदारापुढं लेबरटोरी. तिसऱ्यावर कधीच नाही. तो आबांचा सौदा, माझा नव्हे. डबे वाहता वाहता ध्यानात आलं की नापास झालेल्या नमुन्यांचे डबे फेकून देतात. ते मी धुऊन विकायला लागलो, आणि माझ्या धंद्याची सुरुवात तिथली. लोक म्हणतात, मग तक्रार कसली, मधल्या जागेमुळंच तर तू उभा राहिलास. तक्रार आहे. मी लॅबोरेटरीतही उभा राहिलो असतो. आबांनी घाई केली. आणखी दोन फेऱ्या घेतल्या असत्या तर साहेब वळले असते. माझं आजही तेच मत आहे, आणि आज मला सौद्यातलं आबांपेक्षा जास्त कळतं.

चौथ्या वर्षी सबनीस साहेबांची बदली झाली. निरोपाच्या समारंभाला सगळा कारखाना शेडमध्ये जमला, मोठे साहेब पुढच्या खुर्च्यांवर, आम्ही मागं उभे. सबनीस साहेब बोलायला उठले आणि म्हणाले, "या लॅबो-रे-टरीत मी पुष्कळ शिकलो." मोठ्या साहेबांनी एकमेकांकडं बघितलं. मी कायम खिडकीबाहेर, चार वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द माझ्या कानावर पडलाच नव्हता; मला वाटलं, जीभ अडखळली असेल. पण ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा. लॅबो-रे-टरी. दर वेळी तिसऱ्यावर, ठासून. पुढच्या रांगेत कुणीतरी तोंडाला रुमाल लावला.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेलो. "सर, तुम्ही तसं का म्हणालात?"

"म्हणजे?" ते म्हणाले. "हातावर हात दिला होता ना तुझ्या वडिलांच्या. तेव्हापासून तसंच म्हणतो. मुंबईला मीटिंगमध्ये हसतात लोक. आधी जड गेलं, आता सवय झाली." मग त्यांनी कपातला चहा फुंकला. "त्यांना माझा नमस्कार सांग. आपटे मास्तर पाळतात का रे?"

मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेवरून मुद्दाम चक्कर मारली. खिडकीतून मास्तरांचा आवाज येत होता. ते मुलांना हाच शब्द शिकवत होते आणि सांगत होते की इंग्लंडात दुसऱ्यावर, अमेरिकेत पहिल्यावर, आणि चाकणला, माझा नाइलाज आहे, तिसऱ्यावर.

त्या दिवशी शनिवार होता. आईनं शेंगोळ्या केल्या होत्या. आबा बोटं मोडत होते. मी त्यांना साहेबांचं सांगितलं, मास्तरांचं सांगितलं. मला वाटलं, त्यांना नवल वाटेल, निदान हसतील तरी.

"मंग?" आबा म्हणाले. "सौदा झाला व्हता न्हाई का." त्यांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, खाल्ला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "आन तू? तू कुटं दाबतोस?"

मी वाटी तोंडाला लावली आणि खूप वेळ ती खाली ठेवली नाही. आई म्हणाली, "काय झालं रं?"

"रस्सा गरम आहे," मी म्हणालो.

तो कधीचाच निवला होता. तिघांनाही माहीत होतं.